टेबलच्या मिनिटांवर मांडलेला एमआरआयचा खर्च: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एकूण खर्चाला स्कॅनच्या संख्येने भागायचे, हा जुना हिशेब सोडून टेबलच्या मिनिटांवर, म्हणजे एका रुग्णामागे यंत्र जितका वेळ अडकते त्यावर, खर्च वाटणारा तक्ता ९ महिने चालवला. आता जुन्या पद्धतीकडे परत जाणे नाही. गुडघ्याच्या २० मिनिटांच्या आणि कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे औषध) देऊन केलेल्या मेंदूच्या ४० मिनिटांच्या स्कॅनवर सारखाच बोजा टाकला, की लहान तपासणी उगाच महाग ठरते.

खरी मेहनत वेळेच्या नोंदीत आहे. पॅक्समधून (प्रतिमा साठवणाऱ्या संगणक प्रणालीतून) पहिल्या आणि शेवटच्या प्रतिमेची वेळ उचलणे सोपे, पण अंगात धातू आहे का याची चौकशी, सुई लावणे, कॉइल (शरीराच्या भागाजवळ ठेवायचे संकेत टिपणारे साधन) बदलणे, रुग्णाला नीट झोपवणे हे सगळे त्यातून निसटते. म्हणून रुग्ण आत आला की एक नोंद, बाहेर पडला की दुसरी. गर्दीत दुसरी हमखास राहते. मग दोन रुग्णांच्या वेळा एकमेकींवर चढतात. अशा ओळी दर आठवड्याला वेचून दुरुस्त कराव्याच लागतात.

यंत्राची किंमत नुसती वर्षांनी भागू नका. किंमत १००, आयुष्य १० वर्षे आणि वटाव दर (अडकलेल्या पैशाची वार्षिक किंमत) ५ टक्के धरला, तर वार्षिक बोजा १० नव्हे, १२.९५ येतो. रात्रीची वीजही स्थिर खर्चातच धरा: स्कॅन थांबले तरी चुंबक थंड ठेवणारा कोल्डहेड आणि चिलर चालूच असतात.

रिकामी मिनिटे वेगळ्या ओळीत ठेवा, हे तर आग्रहाने सांगेन. दिवसाच्या ६०० मिनिटांत ३० मिनिटांचे २० स्कॅन बसतात. १४च झाले आणि सगळा स्थिर खर्च त्यांच्यावरच टाकला, तर प्रत्येक स्कॅनचा वाटा सुमारे ४३ टक्क्यांनी फुगतो. दोष रिकाम्या १८० मिनिटांचा, महाग दिसते तपासणी.

मोठी उणीव एकच: रुग्णाला फायदा काय झाला, हे तक्ता सांगत नाही. प्रतिमा-तपासणीचा उपयोग जोखण्यासाठी फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ साली मांडलेल्या सहा पायऱ्यांपैकी चौथी पायरी उपचार बदलला का, हे विचारते. त्यासाठी स्कॅनआधीचा आणि नंतरचा उपचाराचा बेत असे दोन रकाने जोडले. १०० स्कॅनमागे २० बेत बदलले, तर एका बदलाची किंमत पाच स्कॅनइतकी. अनपेक्षित गाठ दिसल्यावर होणाऱ्या पुढच्या तपासण्यांचा खर्चही इथेच लिहा. तो सहसा दुसऱ्या विभागाच्या खात्यावर पडतो आणि हिशेबातून सुटतो.