वीस सेकंदांचे स्मरणचित्र : ‘क्विक, ड्रॉ!’ आठ महिने वापरल्यानंतर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचे चित्र, शिकवताना माझी एक जुनी अडचण आहे. मूल स्वतः पाहिलेली वस्तू काढत नाही. त्या वस्तूचे कुणीतरी काढलेले चित्र आठवून तेच पुन्हा काढते. हे मुलांना सांगून पटत नाही, म्हणून दाखवण्याचे साधन शोधत असताना ‘क्विक, ड्रॉ!’ हा ऑनलाइन खेळ सापडला. गूगलने तो २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खुला केला होता, म्हणजे मी बरीच उशिरा पोहोचले.

खेळ सोपा आहे. एक शब्द येतो, तो काढायला वीस सेकंद मिळतात, आणि रेघ उमटत असतानाच यंत्र आपले अंदाज मोठ्याने बोलत राहते. एका डावात अशी सहा चित्रे असतात. माझ्या पहिल्याच डावात सायकल आली. दोन चाके काढताच यंत्र ‘चष्मा’ म्हणाले. मी मात्र सवयीने सांगाड्याची प्रमाणे जुळवत बसले आणि हँडल काढण्याआधीच वेळ संपली. माउसने काढण्याचा नाद मी त्याच दिवशी सोडला. टॅबलेटवर बोटाने रेघ बरी येते.

पण खरा ऐवज खेळात नसून खेळणाऱ्यांच्या साठवलेल्या चित्रांत आहे. ३४५ शब्दांची सुमारे पाच कोटी चित्रे सर्वांसाठी खुली आहेत आणि त्यांत कोणती रेघ आधी आली, कोणती नंतर, याचीही नोंद आहे. त्यातल्या वर्तुळांवरून ‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंकेतस्थळाने २०१७ मध्ये दाखवले की बहुतेक देशांतले हात घड्याळाच्या उलट फिरतात, तर जपान आणि तैवानमध्ये बहुतेक हात घड्याळाप्रमाणे, आणि त्याचा संबंध लिपी गिरवण्याच्या सवयीशी असावा. हे वाचल्यावर मी वर्गात एकेकाला फळ्यावर पूज्य काढायला लावले आणि पूज्याकडे न पाहता मनगटाकडे पाहिले. बहुतेकांचे हात उलट फिरले. न फिरलेल्यांत दोघे डावखुरे होते.

मर्यादाही तिथेच आहेत. फळांत सफरचंद, पेअर, स्ट्रॉबेरी आहे, आंबा नाही. अमेरिकेतल्या रस्त्याकडेचा आगीचा नळ आहे, जो माझ्या एकाही विद्यार्थ्याने पाहिलेला नाही. यंत्र शिकले आहे ते लोकांच्या चित्रांवरून, वस्तूंवरून नव्हे. त्यामुळे चारचौघांसारखे काढणाऱ्याची त्यात सरशी होते. सरावासाठी मी हा खेळ मुळीच सुचवणार नाही. माझ्या कामाला मात्र नेमका हाच दोष उपयोगी पडला. जुलैत ‘छत्री’ हा शब्द आला, तेव्हा वर्गाच्या दाराशी टांगलेल्या झाडून सगळ्या छत्र्या थ्री-फोल्ड होत्या आणि पडद्यावर प्रत्येकाने आजोबांची वाकड्या मुठीची छत्री काढली. तो तास मला वेगळा शिकवावाच लागला नाही.

गूगलचेच २०१७ चे ‘ऑटोड्रॉ’ हे चित्र काढण्याचे साधनही आठवडाभर वापरले. आपल्या वेड्यावाकड्या रेघांच्या जागी ते तयार सुबक चित्र सुचवते; सूचनाफलकासाठी ठीक, चित्रकलेच्या तासाला नको.

त्यापेक्षा कलावंत ॲरन कोब्लिन यांची २००६ ची ‘द शीप मार्केट’ ही ऑनलाइन कलाकृती मी अधिक वेळा उघडते. लोकांकडून किरकोळ मोबदल्यात छोटी कामे करून घेण्याच्या ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या सेवेवरून त्यांनी अनोळखी लोकांकडून डावीकडे तोंड केलेल्या दहा हजार मेंढ्या काढून घेतल्या, प्रत्येकीचे दोन सेंट देऊन. कोणतीही मेंढी निवडावी, की ती रेघेरेघेने आपल्यासमोर पुन्हा काढली जाते. कुणी पाठीपासून सुरुवात करतो, कुणी डोळ्यापासून. एकाच सूचनेवर इतके निरनिराळे हात चालताना पाहायला मिळणे मला मोलाचे वाटते. एका मेंढीला सरासरी १०५ सेकंद लागले होते. ते लक्षात ठेवून मी आता खेळातल्या वीस सेकंदांनंतर तोच शब्द कागदावर काढायला पावणेदोन मिनिटे देते. पुढच्या बॅचला ‘छत्री’ दिली, तेव्हा या दुसऱ्या फेरीत निम्म्याहून अधिक मुठी सरळ झाल्या, आणि एकीने तर काडी मोडलेली तिची स्वतःची छत्री काढली.