न्यूझीलंड की स्वित्झर्लंड: पहिल्यांदा भाड्याची गाडी कुठे चालवावी?

परदेशात पहिल्यांदाच स्टिअरिंग हाती घेणार असाल, तर न्यूझीलंड निवडा. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते. स्वित्झर्लंडमध्ये सगळं उलट. सरळ रस्त्यावर त्याची सवय लवकर होते; घोळ होतो तो पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना. समोर दुसरं वाहन नसलं की हात आपसूक डावी बाजू धरतो. शिवाय चालक डावीकडे बसत असल्याने उजवीकडचा अंदाज चुकतो आणि त्या बाजूची चाकं फुटपाथला घासतात. टायर आणि रिमचं नुकसान साध्या विम्यात बहुतेक वेळा धरलेलं नसतं. मॅन्युअल गाडीत गिअरही उजव्या हाताने टाकायचा, म्हणून बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक मागा.

न्यूझीलंडमध्येही गाफील राहू नका. शहराबाहेर वेगमर्यादा साधारण १०० असली, तरी वळणांमुळे तेवढा वेग मिळत नाही. जालन्याहून समृद्धीवर १२० ने जाणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं: क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन सुमारे ४८० किलोमीटर, पण न थांबता सहा तास लागतात. एकेरी पुलांवर पाटी नीट वाचा. लाल वर्तुळात तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढे असते, त्यामुळे विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नका.

स्वित्झर्लंडमध्ये गाडीची खरी मजा फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन या घाटांत आहे. पण आपली शाळांची सुट्टी मे महिन्यात, आणि तेव्हा हे घाट बर्फामुळे सहसा बंदच असतात. त्यातून वेंगेन, म्युरेन, झरमाट ही गावं पर्यटकांच्या मोटारींना बंद. गाडी लाउटरब्रुनेन किंवा टेशला पैसे भरून उभी करायची आणि पुढे रेल्वे किंवा केबल कारच. मग मे महिन्यात सरळ रेल्वे-बस-बोटींचा एकत्रित स्विस ट्रॅव्हल पास काढलेला बरा. जुलै ते सप्टेंबरमध्ये जमत असेल तर गाडी जरूर घ्या; फक्त अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची आणि पिवळ्या पोस्टबसला मान द्यायचा, हे ध्यानात ठेवा.

न्यूझीलंडमध्ये मिलफर्ड साउंड या डोंगरांतल्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. मे किंवा दिवाळीत जाणाऱ्यांनी त्या एका दिवसापुरती बस धरावी.

कागदपत्रांत न्यूझीलंड सोपं आहे: इंग्रजीत छापलेलं, मुदतीतलं भारतीय लायसन्स चालतं. स्वित्झर्लंडसाठी मूळ लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. लातूर असो वा नांदेड, आपापल्या आरटीओकडे फॉर्म ४ए भरायचा. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जाला पासपोर्टसोबत पूर्वी व्हिसाची प्रतही लागायची, पण ती अट २०२१ मध्ये काढली गेली.

दोन्हीकडे सगळ्यात जास्त अडतं ते काउंटरवर. डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं, पुरेशी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात, आणि गाडीचे पैसे आधीच भरलेले असले तरी किल्ली मिळत नाही. मुलगा चालवणार आणि कार्ड वडिलांचं, असं असेल तर बुकिंग वडिलांच्या नावावर करा, तेही लायसन्स घेऊन या आणि मुलाला दुसरा चालक म्हणून नोंदवा. वय २५ च्या आत असल्यास त्याचा जादा आकारही विचारून घ्या.