सिएटलच्या पावसात इलेक्ट्रिक स्मोकर, दोन हिवाळ्यांनंतर

आम्ही सिएटलला राहतो, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल पावसाची पिरपिर. लाकडाच्या धुरात मांस शिजवणारा ८०० वॉटचा, कपाटासारखा उभा स्मोकर घेतला तेव्हा दुकानदार याबद्दल अवाक्षर बोलला नाही. उन्हाळ्यात यंत्र झकास. २२५ फॅरनहाइटवर सफरचंदाच्या लाकडाच्या ढलप्या टाकल्या की कोंबडीच्या तंगड्या अशा काही उतरतात, हिचा मालवणी मसाला पुढे की धूर पुढे, ठरवता येत नाही.

थंडीत मात्र रडगाणं. वारा सुटला की २२५ गाठतानाच त्याला धाप लागते. मांस आतून १६५ व्हायला तासभर जास्त. एकदा आडवा पाऊस आला, पाणी कंट्रोल पॅनलमध्ये शिरलं आणि जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला. (पडला म्हणून वाचलो.) आता डेकवर छपराखाली, भिंतीपासून लांब ठेवतो. गॅरेजमध्ये चालवायचा मोह होतो, पण लाकडाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको.

कव्हर पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावरच घाला. मी घाई केली, महिन्याभराने आत हिरवी बुरशी! घासताना हिने एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

पाचापैकी साडेतीन तारे. तो अर्धा तंगड्यांचा.