महू की इंदूर? फौजेतून आल्यावर घर कुठे

आमचे काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. काकूंना इंदूरचं रामबाग हवं होतं, काकांना लष्करी छावणीचं महू.

महूचं पारडं जड का, ते मला एका सकाळी कळलं. लष्करी रुग्णालय जवळ, कँटीन जवळ, आणि चहाच्या टपरीवर ‘साहेब, कुठली पलटण?’ विचारणारा कुणीतरी हमखास! काकांचा गुडघा त्या प्रश्नानेच निम्मा बरा होतो. मात्र छावणीच्या हद्दीतलं जुनं घर घेताना कागद नीट तपासावेत. तिथे बंगल्याखालची जमीन बहुधा सरकारची असते.

इंदूरला मोठी खाजगी रुग्णालयं आहेत. २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर तिच्या पॉलिक्लिनिकची (दवाखान्याची) चिठ्ठी घेऊन, यादीतल्या रुग्णालयात रोख न भरता उपचार होतात. जीवावर बेतलं तर चिठ्ठीशिवायही थेट जाता येतं. पण रात्री दोन वाजता महूहून वीस-बावीस किलोमीटर? काकूंचा मुद्दा हाच.

माझं मत काकूंकडे. गुडघ्याला पलटण चालते, हृदयाला नाही. काकांनी रामबागेत भाड्याने घर घेतलंय. ट्रंक मात्र अजून उघडलेली नाही.