जोगच्या वाटेवर ब्रेकने साथ दिली

ऑगस्टात पुण्याहून ठोसेघर, आंबोली करत कर्नाटकातल्या जोग धबधब्याला सायकलने गेलो. निघण्याआधी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा दुकानात सर्व्हिसिंग करून घेतलं. ‘जोग’ ऐकताच काकांनी आधी रस्ताच विचारला, मग दोन्ही ब्रेकचे पॅड बदलले. जुने हातात ठेवून म्हणाले, "बघा, किती झिजलेत."

आंबोली घाट सावंतवाडीकडे उतरताना धो धो पाऊस, अंगावर धबधब्याचे तुषार. पण ब्रेक एकदाही घसरला नाही! मडगार्डचा बोल्ट मात्र होन्नावरच्या अलीकडे सैल झाला, तो आवळायला हवा होता. पुढे गेरसोप्पाचा चढ, आणि 253 मीटरवरून कोसळणारी शरावती. राजा, राणी, रोअरर, रॉकेट, चारही धारा दिसल्या. परतल्यावर पहिला फोटो काकांनाच दाखवला.