बहुवर्ग आणि समावेशक वर्गाची प्रतिकृती: तीन मांडण्यांपैकी कोणती घ्यावी?

एक शिक्षक, चार इयत्ता आणि सगळ्या प्रकारची मुलं, अशा वर्गाची प्रतिकृती करायला सांगितली की छात्राध्यापकांच्या गटात पहिला वाद भिंतींच्या रंगावरून होतो आणि दुसरा थर्माकोल की पुठ्ठा यावरून. ज्या मुद्द्यावर खरं भांडायला हवं, तो बहुतेक वेळा निघतच नाही: मुलं कशाच्या आधारावर एकत्र बसणार? इयत्तेच्या, विषयाच्या, की ज्याच्या-त्याच्या शिकण्याच्या टप्प्याच्या? फळे किती, सामान कुठं, वाट किती रुंद, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. आधी टेबलं चिकटवून मग उत्तर शोधणारे गट मी बरेच पाहिलेत. शेवटच्या रात्री टेबलं उचकटताना पुठ्ठ्याचा पापुद्राही निघून येतो.

तीनही मांडण्यांची तुलना मी एकाच पद्धतीनं करते. कागदाच्या सहा सोंगट्या कापायच्या. चौथीतली व्हीलचेअर वापरणारी मुलगी, दुसरीतला अंध मुलगा, तिसरीतली श्रवणयंत्र लावणारी मुलगी, पहिलीतला गोंगाट सहन न होणारा स्वमग्न मुलगा, आणि वयानं चौथीत पण वाचनात पहिलीच्या आसपास असलेला एक मुलगा. सहावी सोंगटी शिक्षकाची. मग एक तास दहा-दहा मिनिटांनी पुढं सरकवायचा आणि दर वेळी विचारायचं: आत्ता कोण कुठं आहे, काय करतंय?

पहिली मांडणी: इयत्तावार गट

खोलीचे चार भाग, प्रत्येक भिंतीला एका इयत्तेचा फळा. करायला सर्वांत सोपी, बघणाऱ्याला लगेच कळणारी, पाठ्यपुस्तकं आणि हजेरीपट जसे असतात तशाच साच्यात बसणारी. अंध मुलालाही ही सोयीची, कारण जागा ठरलेली, वाट ठरलेली.

अडचण वेळेच्या हिशेबात आहे. 40 मिनिटांची तासिका चार इयत्तांत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला शिक्षक 10 मिनिटं येतो. उरलेली 30 मिनिटं मुलं काय करतात, याचं उत्तर या मांडणीकडं नसतं. ते ‘स्वाध्याय’ एवढ्या एका शब्दात उरकलेलं असतं. श्रवणयंत्रवाल्या मुलीची सोंगटी इथं हलवून बघा. शिक्षक समोरच्या भिंतीशी पहिलीला शिकवतोय आणि आजूबाजूला दोन गट पुटपुटतायत. श्रवणयंत्र नको असलेले आवाजही मोठे करतं. शिक्षक खिडकीकडं पाठ करून उभा असेल तर त्याचा चेहरा अंधारात, म्हणजे ओठांकडं पाहून समजायचीही सोय गेली. आणि पाचव्या मुलाला इथं जागाच नाही. चौथीत बसला तर काही कळत नाही, पहिलीत बसवला तर मान खाली.

तरीही ही मांडणी टाकाऊ नाही. दोनच इयत्ता असतील तर हिशेब 20-20 मिनिटांवर येतो आणि काम होतं. इयत्ता जास्त असल्या तरी दिवसातली एक तासिका सगळ्यांना एकाच विषयाची ठेवता येते. ‘पाणी’ घेतलं तर पहिलीची मुलं चित्रांवरून पाण्याचे उपयोग सांगतात, चौथीची भांड्यांत मापून तक्ता करतात. मात्र प्रतिकृतीत हे दिसायला सगळ्यांना मिळून बसता येईल अशी मधली जागा मोकळी हवी, आणि इथं नेमकं मध्येच शिक्षकाचं टेबल ठेवलेलं असतं.

दुसरी मांडणी: विषयांचे कोपरे

भाषेचा, गणिताचा, परिसराचा आणि वाचनाचा कोपरा, आणि वेगवेगळ्या वयांच्या मुलांचे गट त्यांतून फिरणारे. हिचं गाजलेलं रूप कोलंबियातल्या एस्क्वेला नुएवाचं. ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी 1975 मध्ये ही पद्धत सुरू झाली. तिथं पायरी-पायरीनं पुढं नेणाऱ्या अध्ययनपुस्तिका मुलांच्या हाती असतात, त्यामुळं तेच ते समजावण्यातून शिक्षक मोकळा होतो. सोबत मुलांचं शालेय मंडळ असतं, आणि वर्षअखेरीची वाट न पाहता मूल तयार झालं की पुढं जातं. नुसते कोपरे घेऊन बाकीचं सोडलं, तर घेतली ती फक्त टेबलं.

प्रतिकृतीत हीच सर्वांत देखणी दिसते, आणि निवडली जाते तीही याच कारणानं. माझी शंका वाटांबद्दल आहे. 1:20 प्रमाणात 6 बाय 8 मीटरची खोली 30 बाय 40 सेंटीमीटरची होते. व्हीलचेअर जागेवर वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा लागते, म्हणजे प्रतिकृतीत साडेसात सेंटीमीटर. तेवढी पुठ्ठ्याची चकती कापा आणि दारापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत सरकवा. पोचली की तिथं वळायला जागा आहे का तेही पाहा. पाच षटकोनी टेबलं मांडलेल्या प्रतिकृतीत ती दुसऱ्याच टेबलाशी अडते. चकती अडली की गटात एकदम शांतता पसरते, आणि मग कुणीतरी म्हणतं, “व्हीलचेअरवरच्या मुलीला कोपरे फिरवायचे नाहीत, ती एकाच जागी बसेल.” तसं केलं तर समावेशक हा शब्द शीर्षकातून काढावा लागेल.

अंध मुलासाठी टेबलांच्या जागा पक्क्या हव्यात आणि कोपरा हातानं ओळखू यायला हवा: एका टेबलाच्या कडेला सुतळी, दुसऱ्याला खरकागद, तिसऱ्याला कापड. पुस्तिका वाचता न येणाऱ्यांसाठी, म्हणजे पहिलीची मुलं आणि आपलं पाचवं मूल, सूचना चित्रांत किंवा आवाजात लागतील. पण एका बाबतीत ही मांडणी पहिलीपेक्षा खूप पुढं आहे. वयं मिसळलेली असल्यानं मदत मागण्यात लाज राहत नाही. पाचवं मूल गणितात पक्कं असेल तर त्या कोपऱ्यात तेच दुसऱ्याला शिकवतं.

तिसरी मांडणी: टप्प्यांची शिडी

आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांमधून ही पद्धत पुढं आली. अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे पाडून त्यांची शिडी भिंतीवर लावतात. प्रत्येक टप्प्याची कार्डं असतात आणि कार्डावर चिन्ह असतं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपलं कार्ड सापडतं. मूल शिडीवर आपली जागा शोधतं, कार्ड उचलतं आणि त्या कामाच्या गटात जाऊन बसतं. कुठं शिक्षक पूर्ण वेळ सोबत, कुठं अधूनमधून, कुठं मुलंच एकमेकांना मदत करतात, कुठं ज्याचं त्यानं करायचं.

इथं पाचव्या मुलाचा प्रश्न सुटतो, कारण ‘कितवीतला’ हा सवालच मागं पडतो. आजारपणानं महिनाभर घरी राहिलेलं मूल परत आलं की जिथं सोडलं तिथूनच सुरू करतं. माझ्या लेखी हा फायदा बाकी सगळ्यांहून मोठा आहे. शिक्षकाची सोंगटीही पळापळ थांबवून नवीन शिकणाऱ्यांजवळ बसते.

किंमत कार्डांत मोजावी लागते. एका विषयाच्या एका इयत्तेचे 20 टप्पे आणि टप्प्याला पाच कार्डं धरली तरी 100 कार्डं झाली. प्रतिकृतीसाठी मिळणाऱ्या दोन आठवड्यांत सगळी होणार नाहीत. एकच शिडी पूर्ण करा, बाकीचे खण रिकामे ठेवा आणि ते रिकामे आहेत हे सरळ सांगा. कोऱ्या कार्डांवर रंगीत कागद चिकटवून फसवू नका. शिडीचा शेवटचा टप्पाही बसल्या जागेवरून हाताला यायला हवा, म्हणजे जमिनीपासून सुमारे 120 सेंटीमीटरच्या आत, आणि चिन्हं उठावाची हवीत. बैठी टेबलं असतील तर निदान एक टेबल उंच करा, नाहीतर व्हीलचेअरवरची मुलगी दिवसभर सगळ्यांच्या डोक्यावरून बघत राहील.

धोकाही आहे. प्रत्येक मूल आपल्या कार्डात डोकं घालून बसलं तर वर्ग उरत नाही. रोज एकदा सगळे गोल बसतील अशी जागा इथंही राखावीच लागते.

आता शांत कोपऱ्याबद्दल, कारण इथं भलेभले गट घसरतात. पडदा, उशी, कमी उजेड, हे ठीक. पण त्यावर ‘विशेष मुलांसाठी’ अशी पाटी लावली की वर्गातल्या वर्गात वेगळा वर्ग तयार होतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं 2016 मध्ये समावेशक शिक्षणावर जे भाष्य केलं, त्यात विलगीकरण (वेगळं बसवणं), नुसतं सामावून घेणं (आहे त्याच व्यवस्थेत जागा देणं) आणि समावेशन (मुलांसाठी व्यवस्थाच बदलणं) या गोष्टी वेगवेगळ्या केल्या आहेत. प्रतिकृतीत त्यासाठी एक प्रश्न पुरतो: त्या कोपऱ्यात दिवसभरात कोण कोण जातं? उत्तर फक्त स्वमग्न मुलगा असेल, तर पाटी काढून कोपरा सगळ्यांना खुला करा.

रॅम्पचं एका वाक्यात: 1:12 उतारानं 30 सेंटीमीटर जोत्याला 3.6 मीटर लांबी लागते, म्हणजे 1:20 प्रतिकृतीत 18 सेंटीमीटर, तेव्हा तळाचा बोर्ड खोलीपेक्षा बराच मोठा घ्या.

मला निवडायला सांगितलं तर दोन इयत्तांसाठी पहिली मांडणी, आणि त्यातली एक तासिका सगळ्यांची एकत्र. तीन किंवा चार इयत्तांसाठी तिसऱ्या मांडणीचा सांगाडा, त्यात दुसऱ्या मांडणीतला वाचनाचा कोपरा आणि सगळ्यांचा शांत कोपरा. नुसती दुसरी मी अशाच गटाला सुचवेन, ज्याची खोली खरोखर मोठी आहे आणि चकती अडत नाही.

कापायला बसण्याआधी एखाद्या रिकाम्या खोलीत खडूनं खऱ्या मापाची मांडणी आखा आणि गटातल्या एकाला डोळ्यांवर पट्टी बांधून दारापासून त्याच्या जागेपर्यंत चालत जायला सांगा. तो जिथं धडकेल ते टेबल तिथल्या तिथं खडूनं हलवा. गोंदाची बाटली त्यानंतर उघडा, आणि टेबलं तेव्हाही चिकटवू नका. परीक्षकांनी “मुलं वाढली तर?” असं विचारलं की उत्तर हातानं हलवून दाखवता येतं.