जुना राउटर काढून वाय-फाय ६ घेतला: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आठेक महिने वापरल्यावर

आधी घर कसं आहे ते सांगतो. त्याशिवाय राउटर चांगला की वाईट हे सांगण्यात अर्थ नाही. कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, दुसरा मजला, टू बीएचके. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या, आतल्या साडेचार इंची. घराच्या बरोबर मधोमध संडास-बाथरूम, त्याला छतापर्यंत टाइल्स आणि वर माळ्यावर पाण्याची टाकी, कारण गुरुवारी पाणी बंद असतं हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. फायबर हॉलच्या गॅलरीतून आत येते, म्हणून ओएनटीचा (फायबरवरचं नेट घरात उतरवणारा, नेटच्या कंपनीने दिलेला) डबा गॅलरीच्या दाराशी. बायको हिंजवडीतल्या कंपनीत आहे. आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करते, तेही मागच्या बेडरूममधून, कारण हॉलमध्ये आईच्या मालिका चालू असतात. थोडक्यात, नेट येतं घराच्या एका टोकाला आणि त्याची खरी गरज दुसऱ्या टोकाला.

जुना राउटर बिघडलेला नव्हता. ‘एन ३००’ जातीचा, म्हणजे वाय-फायच्या जुन्या पिढीचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा (५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा त्याला नव्हता), आणि वर्षानुवर्षं निमूट काम करत आलेला. बदलायची वेळ आली ती प्लॅन २०० एमबीपीएसचा केल्यावर. लॅपटॉपला केबल थेट लावूनही स्पीड टेस्टचा आकडा ९४-९५च्या पुढे हलेना. कारण साधं आहे: त्या राउटरची सगळी पोर्ट्स १०० एमबीपीएसची. नेटच्या कंपनीने कितीही पाठवलं तरी आत येणार तेवढंच. तुमचाही आकडा असा नव्वदच्या घरात येऊन अडत असेल तर हेल्पलाइनवर भांडण्याआधी राउटरची पोर्ट्स १०० ची आहेत की गिगाबिट, एवढं बघा.

दुसरं कारण गर्दीचं. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप टाकून पाहिलं तर २.४ गिगाहर्ट्झवर आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांमधली झाडून सगळी नावं दिसली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच: १, ६ आणि ११. त्यातच ब्लूटूथ, त्यातच मायक्रोवेव्ह ओव्हन. रात्री नऊनंतर सगळे टीव्ही लागले की आमचं नेट रांगायचं, ते यामुळे. आणि तिसरं म्हणजे त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालं होतं. इंटरनेटच्या थेट तोंडावर असा डबा ठेवू नये.

आता निवड. खोक्यावरच्या आकड्यांनी माणूस हमखास गोंधळतो, म्हणून जरा फोड करतो. ‘एएक्स’ म्हणजे वाय-फायची सहावी पिढी, वाय-फाय ६; पण ‘एएक्स १८००’ म्हणजे १८०० एमबीपीएस मिळणार असं नाही. २.४ वर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१, या दोन्हींची बेरीज करून वर गोल केलेला तो आकडा आहे. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. म्हणजे त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त १२०१ चा दुवा, आणि प्रत्यक्षात खोलीतल्या खोलीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. ‘एएक्स ३०००’ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा आकडा २४०२ होतो, पण तो १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल वापरलं तरच. एवढं रुंद चॅनेल रडारसाठी राखलेल्या पट्ट्यातून जातं. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावं लागतं. शिवाय फोन-लॅपटॉपलाही १६० पेलायला हवं. आमच्या घरातल्या बहुतेकांना ते पेलत नाही, आणि प्लॅन २०० चा. तेव्हा त्या जादा पैशांना रामराम.

तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चौकशी केली तेव्हा दुकानदाराने सहा अँटेनांचं एक काळं प्रकरण पुढे केलं. “साहेब, हे तीन भिंती फोडून जातं.” अँटेना किती का असेनात, किती ताकदीने सोडायचं याची मर्यादा सरकारी नियमांत ठरलेली असते. भिंत फोडायची तर ड्रिल लागतं. (शेवटी ते लागलंच, पुढे येईल.)

मी पाहिलेल्या गोष्टी एवढ्याच: वाय-फाय ६, सगळी पोर्ट्स गिगाबिट, डब्ल्यूपीए ३ (वाय-फायची नवी सुरक्षा), अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (राउटरचं काम सोडून फक्त वाय-फाय पसरवण्याची सोय), आणि १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. शेवटची अट अनेकांना विचित्र वाटेल, तिचंही कारण खाली देतो. चार हजारांच्या आत काम झालं. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली व्हर्जन १, २, ३ अशी वेगवेगळी हार्डवेअर विकली जातात, आतली चिप बदलते, कधी मेमरी बदलते. वर्षापूर्वीचं कौतुक वाचून तुम्ही तेच नाव घ्याल आणि आतून भलतंच निघेल.

जोडणीत वेळ गेला तो ओएनटीमुळे. त्या डब्याला स्वतःचं वाय-फाय असतं आणि तो स्वतःच राउटरचं कामही करतो. त्याच्यापुढे आपला राउटर लावला की एकामागे एक दोन राउटर होतात. ब्राउझिंग चालतं, पण मुलाच्या ऑनलाइन गेमला आणि बायकोच्या ऑफिसच्या व्हीपीएनला अधूनमधून ठसका लागायचा. उपाय म्हणजे नेटच्या कंपनीकडून ओएनटी ‘ब्रिज मोड’वर (राउटरचं काम बंद, नेट नुसतं पुढे द्यायचं) टाकून घ्यायचा आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जोडणीत लॉगइन व्हायचं, युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. हेल्पलाइनवरचा मुलगा आधी म्हणाला, “सर, असं काही नसतं.” पुढच्या वेळी फोनवर आलेल्या बाईंनी शांतपणे पाच मिनिटांत करून दिलं. व्हीलॅन आयडी (कंपनीच्या जाळ्यातला एक क्रमांक) लागतो का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. ओएनटीचं वाय-फाय बंद करायला विसरू नका, नाहीतर घरातले निम्मे फोन त्यालाच चिकटून बसतात. आणि बाहेरून घरचा सीसीटीव्ही बघायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (नेटवरचा पत्ता) देतात. तिथे राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. वेगळे पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे आपला एकट्याचा न बदलणारा, आयपी घ्यावा लागतो, किंवा क्लाउडवरून चालणारा कॅमेरा.

हॉलमध्ये पहिल्याच दिवशी फरक पडला. ५ गिगाहर्ट्झवर फोनला प्लॅनचा पूर्ण वेग, टीव्हीवर फोर-के अडखळत नाही, रात्री नऊची रांगण बंद. स्वयंपाकघरातही ठीक. मागच्या बेडरूममध्ये मात्र ‘नवीन आणलास ना?’ असा चेहरा. अ‍ॅपमध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७८ डीबीएमच्या आसपास (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा. फोन तिथे मुकाट्याने २.४ वर उतरायचा, म्हणजे पुन्हा जुन्याच गर्दीत. यात राउटरचा दोष काढण्यात अर्थ नाही. लहरी जितक्या आखूड तितक्या त्या विटा आणि काँक्रीटमध्ये लवकर जिरतात, आणि वाटेत आमचं टाइल्स लावलेलं, वर टाकी ठेवलेलं बाथरूम. महागातला घेतला असता तरी पाच-दहा टक्क्यांचा फरक पडला असता, बास.

मेश (ठिकठिकाणी ठेवलेले, आपसांत बोलून एकच वाय-फाय देणारे डबे) घे, असं ऑफिसमधल्या प्रत्येकाने सांगितलं. मेश वाईट नाही, पण स्वस्तातल्या दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये दोन डबे एकमेकांशी बोलतात तेही त्याच रेडिओवरून, त्यामुळे दुसऱ्या डब्याशी वेग साधारण निम्मा होतो. आणि दुसरा डबा जिथे ठेवायचा तिथेच मुळात सिग्नल मरतुकडा असेल तर तो बिचारा तरी काय वाढणार. म्हणून केबल टाकली. वायरमन बोलावला, कॅट ६ ची नेटवर्क वायर हॉलमधून पॅसेजच्या वरच्या कडेने केसिंग पट्टीत घालून मागे नेली, बेडरूमच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात एक भोक. आईला पट्टी आवडली नाही. “एवढं पेंटिंग केलंस दिवाळीला, आणि त्यावर हे.” रंग मारून घेतल्यावर आता कोणाला दिसत नाही.

इथे एक बघाच. जॅक बसवून झाल्यावर राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचा वेग १०० दाखवत होता. वायरमनने आठपैकी चारच तारा जॅकमध्ये घातल्या होत्या. “नेट चालतंय की साहेब.” चालतंच, पण १०० वर. गिगाबिटला आठही तारा लागतात, आणि एखादी तार नीट दाबली गेली नसेल तरी दोन्ही बाजू आपसांत ठरवून निमूट १०० वर उतरतात, कुठे तक्रारीचा दिवा लागत नाही. पुन्हा क्रिम्प करून घेतलं. वायर मात्र कॅट ५ई घेतली असती तरी चाललं असतं, घरातल्या अंतराला ती गिगाबिट सहज देते.

केबलच्या मागच्या टोकाला काय लावलं? तोच जुना एन ३००. आधी त्याचा आयपी बदलला, मग त्यातलं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटण्याचं काम) बंद केलं, आणि केबल वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टला न लावता लॅनच्या (घरातल्या जोडण्यांच्या) पोर्टला लावली. झाला अ‍ॅक्सेस पॉइंट. दारावरची राखण नव्याकडे, त्यामुळे त्याच्या न मिळणाऱ्या अपडेटची धास्ती बरीच कमी. वाय-फायचं चॅनेल ११ ठेवलं, पुढच्याचं २.४ चं १, दोन्हीकडे रुंदी २० मेगाहर्ट्झ. बायकोचा ऑफिसचा लॅपटॉप त्याच्याच दुसऱ्या पोर्टला केबलने. १०० ची मर्यादा तिथे आली, पण चांगल्या व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. गेल्या कित्येक महिन्यांत ‘तुझा आवाज तुटतोय’ हे वाक्य मागच्या खोलीतून ऐकू आलेलं नाही. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पुढेमागे तिथे स्वस्तातला दुसरा वाय-फाय ६ लावीन, घाई नाही.

दोन्हींना नाव-पासवर्ड एकच दिलाय. आईचा फोन हॉलमधून मागे गेला तरी पुढच्याचा हात सोडत नाही, हा त्रास आहे. कोणत्या डब्याला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. पुढच्याच्या २.४ ची ताकद ‘मध्यम’वर आणल्यावर पुष्कळ सुधारलं.

स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर ही वेगळी जमात. त्यांना २.४ च कळतं, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए ३ वर ठेवली की आमचा प्रिंटर दिसेनासाच व्हायचा. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए २ ठेवून चालू केलं आणि बल्ब तिकडे पाठवले. प्रिंटरला मात्र गेस्टवरून चालत नाही, कारण मग लॅपटॉपला तो दिसत नाही. तो जुन्या राउटरच्या पोर्टला तारेने बांधलाय. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची, सुरक्षेला कच्ची सोय) पहिल्या दिवशीच बंद.

आता १२ व्होल्टची गोष्ट. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची तर बहुतेक गुरुवारीच. राउटर आणि ओएनटीसाठी मोठा इन्व्हर्टर नको. दीड हजाराच्या आसपास मिनी यूपीएस मिळतो, त्यातून थेट १२ व्होल्टचं डीसी बाहेर येतं. घेताना राउटर आणि ओएनटी दोघांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बघून बेरीज करा. पिनची जाडीही तपासा, बाहेरून सारखी दिसली तरी आतलं भोक २.१ आणि २.५ मिलिमीटर असं वेगळं असतं. फायबरचा फायदा इथे कळतो. रस्त्यावरच्या डब्यांमधले स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारे) विजेशिवाय चालतात, त्यामुळे कंपनीच्या टोकाला वीज असली की गल्ली अंधारात असूनही आपलं नेट चालू. पूर्वी गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची केबल खाली यायची तेव्हा वीज गेली की नेटही जायचं, आणि वळवाच्या पावसात एखादी वीज कडाडली की पोर्ट जळायची ती वेगळीच.

तक्रारी आहेत. मोबाइल अ‍ॅप प्रत्येक वेळी खातं उघडायला लावतं, मी ते काढून टाकलं. ब्राउझरमधून १९२.१६८.०.१ उघडलं की सगळं तिथेच आहे. मुलाच्या फोनला वेळ ठरवून देण्याची सोय खोक्यावर ठळक छापली आहे, पण त्यातलं कामाचं निम्मं दरमहा पैसे भरल्यावर उघडतं. आपोआप चॅनेल निवडण्याची सोय भर दुपारी मनात येईल तेव्हा चॅनेल बदलायची, म्हणून ५ गिगाहर्ट्झवर ४० पक्कं करून टाकलं. एका अपडेटनंतर गेस्ट नेटवर्कचं सेटिंग पुसलं गेलं आणि सगळे बल्ब एका संध्याकाळी मुके झाले. एप्रिल-मेमध्ये डबा हात लावल्यावर चांगलाच गरम लागायचा, टीव्हीच्या कपाटातून काढून भिंतीवर टांगल्यावर बरा झाला, सिग्नलही थोडा सुधारला.

वाय-फाय ७ ची चौकशी केली होती. त्याचं अधिकृत प्रमाणपत्र २०२४ पासून द्यायला लागले, राउटर मिळतातही, पण घरातला एकही फोन त्या पिढीचा नाही. २०० च्या प्लॅनवर त्यासाठी तिप्पट पैसे कशाला.

घेताना बिलावर सिरियल नंबर घालून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात. आणि पैसे देण्याआधी खोकं उघडून डबा उलटा करा: हार्डवेअर व्हर्जन खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं.